संख्येचं नाम होतं तेव्हा

मराठी माध्यमाच्या मुलांच्या इंग्रजी वह्या तपासणाऱ्याला तीन चुका तोंडपाठ असतात. ‘वन ऑफ माय फ्रेंड’, ‘फाइव्ह हंड्रेड्स पीपल’ आणि ‘टेन रुपीज नोट’. लाल शाईनं पहिल्या ठिकाणी ‘एस’ वाढवला जातो, उरलेल्या दोन ठिकाणी खोडला जातो, आणि मुलानं कारण विचारलंच तर ‘इंग्रजीत असंच असतं’ एवढं सांगून विषय मिटतो. हे उत्तर मला कधीच पटलेलं नाही. तिन्ही चुका एकाच ठिकाणी होतात: जिथे संख्या, नाम आणि शब्दयोगी अव्यय एकत्र येतात तिथे. तिन्हींचं कारण सापडतं, आणि ते समजायला लागणारं सगळं व्याकरण त्या मुलाच्या मराठीत आधीपासून आहे.

पहिली चूक घेऊ. ‘माझ्या मित्रांपैकी एक’ असं आपण बोलताना क्वचितच म्हणतो. आपण म्हणतो ‘माझा एक मित्र’. मुलाच्या मनात हेच वाक्य असतं. ‘माझा एक’ या तुकड्याच्या जागी तो ‘वन ऑफ माय’ हा तयार तुकडा बसवतो आणि ‘मित्र’ जसाच्या तसा एकवचनात ठेवतो. भर म्हणून ‘ऑफ म्हणजे चा-ची-चे’ हे पहिल्या धड्यापासून घोकून घेतलेलं असतं. पण एका एफचा ‘ऑफ’ आणि दोन एफ लावून लिहिला जाणारा ‘ऑफ’ हा मुळात एकच शब्द. त्याचा जुना अर्थ ‘पासून, मधून’. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’मधला ‘ऑफ’ त्या जुन्या अर्थाला धरून आहे. तिथे त्याचा अर्थ ‘चा’ नाही, ‘पैकी’ आहे. आणि ‘मित्रापैकी एक’ असं कोणतंही मराठी मूल म्हणणार नाही, ते ‘मित्रांपैकी’च म्हणेल. एवढं सांगितलं की लाल शाईची गरज उरत नाही.

दुसरी चूक जास्त खोल जाते. ‘फाइव्ह हंड्रेड पीपल’ला एस नाही, ऑफ नाही, ‘हंड्रेड्स ऑफ पीपल’ला दोन्ही. का? ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं त्यांना हे ओळखीचं वाटायला हवं. संस्कृतात एकोणीसपर्यंतच्या संख्या विशेषणासारख्या वागतात, विंशतीपासून पुढच्या संख्या नामं असतात. म्हणून ‘शतं नराः’ चालतं तसंच ‘नराणां शतम्’ही चालतं: माणसांचं शंभर. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही शंभर आणि हजार ही नामंच होती, आणि मोजलेली वस्तू त्यांच्यासोबत षष्ठीच्या अनेकवचनात यायची. दोन्ही भाषा एकाच कुळातल्या, त्यामुळे यात नवल काही नाही. पुढे स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांशी आलेला संबंध, 1066 नंतरची नॉर्मन राजवट, आणि मुळात शब्दांच्या शेवटच्या अक्षरांवर आघात नसणं, यांमुळे इंग्रजीची विभक्तीरूपं झिजत गेली. पंधराव्या शतकापर्यंत बहुतेक नाहीशी झाली. षष्ठीचं बरंचसं काम ‘ऑफ’कडे आलं. फ्रेंचमधल्या ‘द’ या अव्ययाची चाल समोर होतीच.

मग संख्यावाचक शब्दाला दोन वाटा राहिल्या. त्याच्या मागे नेमका आकडा असेल तर तो विशेषण होऊन थेट नामाला चिकटतो, आणि इंग्रजीत विशेषणाला एस लागत नाही. आकडा नसेल, नुसती विपुलता सांगायची असेल, तर तो पूर्वीसारखा नाम राहतो. नाम म्हणून एस घेतो, आणि दुसऱ्या नामाशी नातं जोडायला त्याला ऑफ लागतो. आपणही हा फरक करतो, फक्त साधन वेगळं आहे: ‘पाचशे माणसं’ आणि ‘शेकडो माणसं’, ‘दोन हजार’ आणि ‘हजारो’. ‘पाचशेकडो’ कुणी म्हणत नाही.

मोजण्याचा शब्द नाम आहे की नुसतं माप, हे मराठी क्रियापद इंग्रजीपेक्षाही स्वच्छ सांगतं. ‘एक पोतं ज्वारी विकली’ म्हटलं की क्रियापद ज्वारीमागे जातं, पोतं केवळ माप उरतं. ‘ज्वारीचं एक पोतं विकलं’ म्हटलं की षष्ठी आली आणि पोत्याला नामाचा मान मिळाला. ‘दोन कप चहा सांडला’ आणि ‘चहाचे दोन कप फुटले’ यांत गोंधळ चार वर्षांच्या मुलाचाही होत नाही. हेच मूल नववीत गेल्यावर ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स’पुढे ‘आर’ का आणि ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स’पुढे ‘इज’ का, हे पाठ करत बसतं. पहिल्यात ‘नंबर’ नुसतं माप झालाय, ‘बरेच’ एवढाच त्याचा अर्थ; दुसऱ्यात तो ‘संख्या’ हे खरंखुरं नाम आहे. ज्वारी आणि पोतं यांचंच हे प्रकरण आहे, आणि ते तसंच शिकवायला हवं.

तिसऱ्या चुकीत मुलाचा दोष सगळ्यांत कमी. ‘दहा रुपयांची नोट’ हे अनेकवचन तो इमानदारीनं इंग्रजीत नेतो. पण मराठीत दुसरी रीतही आहे. ‘दोन मजल्यांचं घर’ म्हणजेच ‘दुमजली घर’, आणि समास झाला की मजल्यांचं अनेकवचन संपलं. ‘टेन-रुपी नोट’ ही ‘दुमजली घरा’च्या वळणाची रचना आहे. इंग्रजीत या वळणामागेही जुनी षष्ठी आहे. ‘सिक्स-फूट’ असं एस नसलेलं माप आलं ते ‘फूट’च्या षष्ठी-अनेकवचनी रूपातून, शेवटचा स्वर गळला आणि उरलं ते एकवचनासारखं दिसू लागलं. रुपया फार उशिरा आला आणि त्या तयार साच्यात बसला.

‘वन बाय वन’, ‘डे आफ्टर डे’ या जोड्यांबद्दल थोडक्यात. तिथे नामाला ना एस, ना अ किंवा द. रे जॅकेंडॉफ या भाषावैज्ञानिकानं 2008 मध्ये केवळ या रचनेवर एक प्रदीर्घ लेख लिहिला, कारण ती इंग्रजी वाक्यरचनेच्या सर्वसाधारण नियमांत बसत नाही. ‘एकेक’, ‘दिवसेंदिवस’, ‘घरोघर’ म्हणणाऱ्याला मात्र शब्दाची पुनरुक्ती आणि तिच्यासाठी वाकवलेलं रूप यांचं वेगळं स्पष्टीकरण लागत नाही.

महाराष्ट्रात 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तेव्हापासून ‘इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवा’ हा आग्रह वाढत गेला आहे, आणि बोलण्याचा सराव व्हावा म्हणून तो काही प्रमाणात योग्यही आहे. पण त्यापोटी मराठी वर्गाबाहेर काढणं मला चुकीचं वाटतं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्या पद्धतीत कोरडेपणा होता, वाक्यं कृत्रिम होती. पण दोन भाषा शेजारी ठेवून पाहायची सवय तिनं लावली. ती सवय आपण टाकली आणि तिच्या जागी नियमांच्या याद्या आल्या. यादी लक्षात राहत नाही. ‘पोतं विकलं की ज्वारी विकली’ हे लक्षात राहतं, कारण ते शिकावं लागलेलंच नाही.

शिवाय हे व्याकरण अजून हलतं आहे, आणि यादीला तेही सांगता येत नाही. ‘डझन’ फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा ऑफ घेऊन वावरत होता. फ्रेंचमध्ये अजूनही ‘अंड्यांचं डझन’ असंच म्हणतात. इंग्रजीत तो ऑफ गळला आणि ‘अ डझन एग्ज’ रूढ झालं. ‘अ कपल ऑफ’मधला ऑफ अमेरिकेतल्या बोलण्यात सध्या तसाच गळतो आहे, लेखी इंग्रजीत अजून बहुतेक ठिकाणी टिकून आहे. एखाद्या मुलानं अमेरिकन मालिकेत ऐकून वहीत ‘अ कपल डेज’ लिहिलं, तर परीक्षेपुरता तिथे ऑफ लावायला त्याला जरूर सांगावं, आणि त्याच तासाला ‘डझन’ची ही हकिगतही सांगावी.