हाताला कळते ते

ओझरच्या सप्ताहात आमची कीर्तनसेवा होती. मुक्काम एका द्राक्षबागाईतदाराच्या घरी. दुपारचे भोजन आटोपल्यावर पानाचे तबक पुढे सारीत यजमान म्हणाले, "महाराज, आज कीर्तनात आमच्या धाकट्याला दोन शब्द ऐकवा. थोरला हुशार निघाला, परीक्षेत नंबर काढतो. याला बुद्धीच नाही. आयटीआय करून फिटर झालाय." पोरगा दारातच उभा होता. खाली मान घालून तो निघून गेला. आणि आम्हीही मोठ्या ऐटीत "सांगतो की!" म्हणून बसलो.

इतक्यात विहिरीवरची मोटार सुरू झाली. अंगणातून पोराचा आवाज आला, "अण्णा, बंद करा ती. बेअरिंग गेलंय." यजमान हसले. म्हणाले, "ऐकलंत? न बघताच सांगतो!" संध्याकाळी मोटार अडकली ती अडकलीच.

त्या रात्री आम्ही गोरोबाकाकांचे आख्यान लावले होते. तेरला संतमेळा जमला, मुक्ताईने विचारले, यात कच्चे मडके कोणते? काकांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारले आणि नामदेवरायांना कच्चे ठरविले. हे आख्यान आम्ही चाळीस वर्षे सांगत आलो. त्यातून ज्ञानाचा महिमा गायिला, गुरुकृपेचा गायिला. पण काकांच्या कानाला जे कळले त्यास बुद्धी म्हणावे, हे कधी आमच्या मनात आले नाही. थापटणे हे मुळात मडके तपासण्याचे हत्यारच नव्हे. ओल्या मडक्याला आतून दगडी गोटा लावून बाहेरून थापटतात, तेव्हा त्याची भिंत सारखी होते आणि पोट सुटते. जो हात घडवितो त्यालाच कच्चेपण कळते. दुपारी तो फिटर पोर अंगणात उभा राहून दुसरे काय करीत होता?

आम्ही पाठशाळेत वाढलेली माणसे. तिथे पाठांतर ज्याचे पक्के तो बुद्धिमान. काव्यप्रकाश शिकताना 'कुशल' या शब्दावर आम्ही दिवसचे दिवस वाद घातला आहे. कुश आणणारा तो कुशल, असा त्याचा मूळ अर्थ सांगतात. मम्मटाने तेथे रूढीची लक्षणा मानली, साहित्यदर्पणात विश्वनाथाने ती नाकारली. दोन्ही पक्ष आम्हाला मुखोद्गत! पण दर्भ उपटायला धाडले की बोटे रक्ताळून परत येत असू. पात्याची धार चुकवून दर्भ काढणारा गडी मात्र कोणाच्या लेखी विद्वान नव्हता.

गीतामाउलीने ही फूट ठेवलेली नाही. दुसऱ्या अध्यायातील पन्नासावा श्लोक नित्यपाठवाल्यांनी आठवून पाहावा. त्याचा आरंभ बुद्धियुक्त पुरुषापासून होतो आणि शेवट कौशल्यावर. दोन्ही एकाच श्लोकात. कोणी म्हणेल, मग चोराचेही कौशल्यच की! खरे आहे, त्याचाही हात चालतो. म्हणून त्याच्या दोनच श्लोक आधी भगवंतांनी योग म्हणजे समत्व असे सांगून ठेविले. समत्व सुटले की कौशल्याची चलाखी व्हायला वेळ लागत नाही.

याचा दाखला ओझरकरांनी पाण्यात पाहिला आहे. वाघाड धरण झाले, कालवा निघाला, कागदावर हिशेब बरोबर. पण कालव्याच्या शेपटाला असलेल्या या गावाच्या शेतापर्यंत पाणी पोचेना. वरच्या अंगाला दार वाकवून पाणी ओढणारे हात काय कमी हुशार असतात? मग समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र आणले आणि १९९०-९१ च्या सुमारास येथे पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यायचे, मोजून वाटायचे, पट्टीही मापावर भरायची. पाळी कधी, दार किती उघडायचे, हे शेतकऱ्यांनीच बसून ठरविले. पुढे सबंध वाघाड प्रकल्पाचे पाणीवाटप अशा संस्थांच्या हाती आले. धरणाचा हिशेब ज्यांनी केला तेही बुद्धिमान, यात संशय नाही. पण शेपटाला पाणी आणणारी बुद्धी दारावरच्या हातात यावी लागली, आणि तीही समबुद्धी होऊन.

याच ओझरला १९६४ साली मिग विमानांचा कारखाना आला. आसपासच्या शेतकऱ्यांची किती पोरे तिथे फिटर, टर्नर झाली! बाप मातीला हात लावून वाफसा ओळखी, लेक पत्र्याला बोट लावून खाच ओळखी. घरात मात्र त्याला कमी बुद्धीचा म्हणायचे, ही रीत कुठून आली कोण जाणे. आम्हा बुवा लोकांचाही तिला हातभार असेल. आमचे बोलणे चुकले तर मोटार अडकत नाही. टाळ्या तेवढ्याच पडतात.

त्या रात्री थापटण्यापाशी येताच आम्ही थांबलो. यजमानांनी सांगितलेले दोन शब्द काही बोलवेनात. बोलायला हवे होते ते दुसरेच दोन शब्दही चारचौघांत सुचले नाहीत. पुढचे चरण घेऊन आम्ही तसेच पुढे गेलो.

पहाटे काकड्याआधी विहिरीकडे गेलो. पोर कंदील लावून मोटार उघडून बसला होता. आम्ही कंदील हाती धरला. विचारले, "बाळा, काल न बघता कसे रे कळले?" तो वर न बघताच म्हणाला, "महाराज, जरा उजेड इकडं धरा." आम्ही धरला.