चरा कुणाचा?

नव्या गाडीवर पहिला चरा कुठे पडतो? बंपरवर नाही. पुढच्या आणि मागच्या दाराच्या मधल्या खांबावर जी चकचकीत काळी पट्टी असते ना, तिथे. आणि तो बहुतेक वेळा धडकेने पडत नाही, पुसण्याने पडतो.

या चकाकीला पियानो ब्लॅक म्हणतात. मधला खांब दिसू नये, सगळ्या काचा सलग वाटाव्यात आणि साधं प्लास्टिक महागडं भासावं, हे तिचं काम. बऱ्याच गाड्यांत त्या प्लास्टिकवर बॉडीला असतो तसा क्लिअर कोटही नसतो. कठीणपणाच्या मोहस् मापात वाळूतलं क्वार्ट्‌झ ७ वर आहे, प्लास्टिक त्याच्या कितीतरी खाली. फडक्यात वाळूचा एक कण अडकला की आपण पुसत नसतो, कोरत असतो. पांढऱ्या दारावरही चरे पडतातच, पण पांढरा रंग मुळातच प्रकाश चहूकडे विखुरतो आणि चऱ्याचा प्रकाश त्या गर्दीत हरवून जातो. चकचकीत काळा रंग आरशासारखा वागतो. चरा पडला की काळ्यावर तेवढीच रेघ पांढरी उठून दिसते. हाताचा प्रत्येक स्पर्श नोंदवून ठेवणारा पृष्ठभाग कुणीतरी मुद्दाम निवडला, आणि लावला कुठे, तर दार उघडताना जिथे हात जातोच तिथे.

त्यात आपलं वऱ्हाड. अमरावती-अकोला रस्त्यावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरची एक लेन टाकून गिनीज विक्रम झाला. त्या विक्रमी डांबरावरून आलेली गाडीसुद्धा मे महिन्यात धुळीने माखूनच येते. धुवायची म्हटली तर पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आडवा येतो. बोअरचं पाणी खारट. ते उन्हात वाळलं की काळ्या पट्टीवर पांढरे ठिपके, आणि ठिपके घासले की पुन्हा चरे. जाणकार दोन बादल्यांची पद्धत सांगतात, एका बादलीत शाम्पू, दुसरीत फडकं खळबळून घ्यायला स्वच्छ पाणी. सल्ला बरोबर आहे. फक्त तो अशा पट्ट्यात पाळायचा आहे जिथे काही गावांत पिण्याच्या पाण्याचीच मारामार असते.

अमरावतीला आमच्या बिल्डिंगमध्ये सकाळी सहाला एक काका गाड्या पुसायला येतात. एक बादली, दोन फडकी, अठरा गाड्या. गेल्या उन्हाळ्यात एका नव्या गाडीच्या पट्टीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल चरे दिसले, आणि ग्रुपवर ठरलं की काकांचे त्या महिन्याचे पैसे कापायचे. काका एवढंच म्हणाले, "नाई पुसलं तं म्हन्ता पुसलं नाई, पुसलं तं म्हन्ता चरे पाडले. मंग कराव काय मानसानं?"

हा प्रश्न मला सोडत नाही. चरे काकांच्या हाताने पडले, यात वाद नाही. पण एखाद्या गोष्टीला कारण होणं आणि तिचा दोष आपल्याकडे असणं, यांत अंतर आहे. फडकं काकांचं, पण धूळ रस्त्याची, खारट पाणी बोअरचं, घाई अठरा गाड्यांची आणि नाजूक प्लास्टिक दुसऱ्याच कुणाच्या पसंतीचं. या सगळ्या साखळीतला शेवटचा स्पर्श तेवढा काकांचा. आपण दोष नेहमी शेवटच्या स्पर्शाला चिकटवतो, कारण तो डोळ्यांना दिसतो. शिवाय तो माणूस समोर उभा असतो, आणि त्याचे पैसे आपल्या हातात असतात.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला छान नाव आहे, युजर एरर. फॉर्ममध्ये कुणी जन्मतारीख जरा वेगळ्या पद्धतीने लिहिली आणि सगळं कोसळलं, की मीटिंगमध्ये सगळे निवांत होतात, चूक युजरची निघाली म्हणून. माणूस तारीख अशीही लिहू शकतो, हे फॉर्म बनवणाऱ्याने धरायला हवं होतं, हे कुणी बोलत नाही. धुळीच्या देशात चारचौघांचे हात लागणाऱ्या वस्तूवर हात न सोसणारं प्लास्टिक लावणं मला त्याच जातीचं वाटतं.

शेजारच्या एका भाऊंनी माझ्याशी वाद घातला, आणि त्यांचा मुद्दा फालतू नव्हता. सुताराने टेबलावर चरा पाडला तर आपण भरून घेतोच ना? घेतो. पण सुतार रंधा स्वतः निवडतो, लाकूड ओळखतो, त्याचा भाव तो सांगतो, आणि "हे काम माझ्याच्यानं होणार नाही" असं म्हणून उठून जाऊ शकतो. काकांना मायक्रोफायबर दिलं असतं, पुरेसं पाणी दिलं असतं, ही पट्टी वेगळी आहे हे आधी सांगितलं असतं, तर मीही भाऊंच्या बाजूने बसलो असतो. असं मी ग्रुपवर लिहिलं. दोघांनी अंगठे दाखवले. पैसे कापले गेलेच.

आमच्या गाडीच्या पट्ट्यांवर मी फिल्म लावून घेतली. टीपीयू नावाच्या पॉलियुरेथेनचा तो पारदर्शक थर, बारीक चरे स्वतःवर घेतो आणि ऊब मिळाली की ते भरूनही काढतो. दुकानदार त्यासाठी गरम पाणी ओतायला सांगतो. अकोल्याच्या मे महिन्यात तो खर्च सूर्य करतो. बाबांनी विचारलं, एवढ्याशा प्लास्टिकसाठी एवढे पैसे? खरं सांगायचं तर त्यातले निम्मे पैसे प्लास्टिकसाठी नव्हते. आमच्या गाडीपुरता तरी काकांशी तो वाद कुणी घालू नये, म्हणून होते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात. जू घासून घासून जिथली कातडी राठ झालेली असते तिथे हळद-तूप चोळतात, आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. यात शेतकऱ्याच्या दयाळूपणाचे गोडवे मला गायचे नाहीत; वर्षभर पराणी टोचणारा हात तोच असतो. पण जपायचं कुठे हे त्या हाताला पक्कं ठाऊक असतं. जिथे भार पडतो तिथे. गाडीत भार टायरवर पडतो, ब्रेक पॅडवर पडतो, आणि थंडीत बर्फासारख्या पाण्यात फडकं पिळणाऱ्या बोटांवर पडतो. आमच्या ग्रुपवर आजवर टायरच्या हवेबद्दल एक मेसेज आलेला नाही. हातमोज्यांचा विषय मी काढला होता, तो पुढच्या मीटिंगवर गेला आहे.

ज्या गाडीवरून हे सगळं झालं तिची काळी पट्टी काका आता पुसत नाहीत. बाकीची गाडी लख्ख, मधे तेवढी धूळ. मागच्या आठवड्यात बिल्डिंगमधल्या कुठल्याशा पोराने त्या धुळीत बोटाने स्वतःचं नाव लिहिलं. मालकांनी गाडी वॉशिंग सेंटरवर धुऊन आणली. उन्हात तिरकं पाहिलं की नाव अजून वाचता येतं.