पांढरे तंतू

स्ट्रॉबेरी कुस्करायची. मीठ आणि भांड्यांचा द्रव साबण घातलेल्या पाण्यात कालवून गाळायची. त्या लाल पाण्यावर फ्रीजरमध्ये गार केलेले स्पिरिट कडेने अलगद सोडायचे. थोड्या वेळाने दोन थरांच्या सीमेवर पांढरे तंतू जमू लागतात. तो डीएनए.

साबण पेशीचे स्निग्ध आवरण फोडतो. डीएनएचे धागे ऋणभारित, म्हणून एकमेकांना दूर लोटणारे. मिठातला सोडियम हा दुरावा मिटवतो. स्पिरिटमध्ये डीएनए विरघळत नाही. तो गोळा होतो आणि दिसतो. जिवंत पेशीत तो कामात असतो, तेव्हा डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तेव्हा त्याचे काम संपलेले असते. घर सांभाळणारी माणसेही अशीच उशिरा दिसतात, त्यांच्यामागे त्यांचे कपाट आवरताना.

ढवळण्याचा मोह आवरावा लागतो. ढवळले की थर मिसळतात, धागे तुटतात. जे काम नुसते थांबून होते, त्याला माणसे काम म्हणत नाहीत.

हाती आलेला गोळा निखळ नसतो. त्यात प्रथिने असतात, आरएनए असते, फळातले पेक्टिनही असते. मुलांना हे सांगितले पाहिजे. त्यांचा आनंद ओसरेल म्हणून जो खरे सांगत नाही, त्याचा मुलांवर विश्वास नसतो.

१८६९ मध्ये फ्रीडरिश मीशर याने डीएनए हा पदार्थ प्रथम वेगळा केला, तोही ट्यूबिंगेनच्या किल्ल्यातल्या जुन्या स्वयंपाकघरात. रुग्णालयातून आलेल्या पट्ट्यांवरचा पू हे त्याचे साहित्य. त्याने नाव दिले न्यूक्लिन. गुरू होपे-झायलर यांनी प्रयोग स्वतः करून पाहिला, मगच १८७१ मध्ये निबंध छापला. मीशर १८९५ मध्ये गेला. आनुवंशिकता याच पदार्थातून वाहते, हे शास्त्रज्ञ एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवाणूंवर दाखवले ते १९४४ मध्ये. हाती येणे आणि कळणे यांत पाऊण शतक गेले. ज्याचा पुरता अर्थ आपल्या हयातीत लागणार नाही, ते निगुतीने स्वच्छ करून ठेवणारी माणसे थोडी. पुढच्यांचे शहाणपण त्यांच्यावर उभे असते.

स्ट्रॉबेरीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, आपल्यात दोन. कांद्याच्या पेशीत माणसाच्या सुमारे पाचपट डीएनए असतो. हे ऐकून मोठी माणसे अस्वस्थ होतात. मुले कांदा आणायला उठतात.