टॉर्क स्विचच्या स्क्रूला हात लावण्याआधी

काल तोंडी परीक्षेत एक साधा प्रश्न विचारला होता. वॉल्व्ह उघडताना मोटार मधेच थांबते, काय करशील? तुमच्यापैकी बहुतेकांचं उत्तर एकच: 'सर, टॉर्क स्विचचं सेटिंग वाढवीन.' वॉल्व्ह गेट आहे की बटरफ्लाय, हे कुणी विचारलं नाही. पाईपमध्ये दाब किती आहे, ग्लँड कुणी नुकतीच करकचून आवळली आहे का, स्टेमला ग्रीस कधी लागलं होतं, यातलं काहीच नाही. थेट स्क्रूड्रायव्हर. दोन वर्षं शिकून हे उत्तर येत असेल, तर आज चार शब्द ऐकून घ्यावे लागतील. वाईट वाटलं तर वाटू द्या.

तुमच्या डोक्यात पक्कं बसलंय की इलेक्ट्रिक अ‍ॅक्च्युएटर म्हणजे वर बसवलेली मोटार, आणि खालचा वॉल्व्ह म्हणजे फिरवायचं लोखंड. तुमच्या सगळ्या चुकांचं मूळ इथे आहे. किती जोर लावायचा, कुठे थांबायचं, किती वेगाने फिरायचं, हे वॉल्व्ह आणि त्यातून वाहणारं पाणी, वाफ किंवा तेल ठरवतं. अ‍ॅक्च्युएटरने ते पाळायचं असतं.

आता टॉर्क स्विच. वर्कशॉपमधल्या उघड्या युनिटवर मी तुम्हाला वर्म दाखवला होता. लोड वाढला की तो शाफ्टवर बाजूला सरकतो आणि चकत्यांच्या स्प्रिंगला दाबतो. जितका सरकला तितका टॉर्क. ठरलेल्या अंतरावर तो स्विच दाबतो आणि कॉन्टॅक्टर सुटतो. म्हणजे मोटार थांबली तेव्हा अ‍ॅक्च्युएटर तुम्हाला काहीतरी सांगत होता: खाली काहीतरी अडलंय. तुम्ही काय करायला निघालात? सांगणाऱ्याचं तोंड बंद करायला. सेटिंग वाढवलं की मोटार पुढे ढकलते, आणि तिचा अडकलेल्या अवस्थेतला जोर नेमप्लेटवरच्या टॉर्कपेक्षा बराच जास्त असतो. तो जोर स्टेमवर, स्टेम नटवर आणि सीटवर जातो. 'मोठा अ‍ॅक्च्युएटर बसवला की काळजी नाही' हा समजही त्याच जातीचा. वॉल्व्हच्या स्टेमला किती टॉर्क सोसतो हे न बघता मोठा अ‍ॅक्च्युएटर बसवणं म्हणजे स्टेम मोडायची तयारी करणं.

दुसरी गोष्ट. कोणता वॉल्व्ह लिमिटवर थांबवायचा आणि कोणता टॉर्कवर, याचं उत्तर अर्ध्या वर्गाला आलं नाही. वेज गेट वॉल्व्ह बंद होताना पाचर सीटमध्ये घट्ट बसावी लागते, म्हणून तो बहुधा टॉर्कवर बंद करतात. उघडताना मात्र तो लिमिटवरच थांबला पाहिजे, शेवटच्या टोकाच्या थोडा अलीकडे. टॉर्कवर उघडलात तर स्टेम बॅकसीटवर जाऊन अडकेल. रबर सीटचा बटरफ्लाय आणि बॉल वॉल्व्ह लिमिटवर थांबतात, टॉर्क स्विच तिथे राखणीला असतो. तिरक्या धातूच्या सीटचा ट्रिपल ऑफसेट बटरफ्लाय पुन्हा टॉर्कवर बंद होतो. ही पाठ करायची यादी नाही. आत काय कशावर टेकतं हे डोळ्यांसमोर आणा, उत्तर आपोआप येईल. शंका असेल तर वॉल्व्ह बनवणाऱ्याचं पत्रक उघडा. ते कपाटात ठेवायला दिलेलं नसतं.

'सर, एवढ्याशा सेटिंगने काय होतंय' असं मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं होतं. त्याने आता नीट ऐकावं. अमेरिकेत ओहायो राज्यात डेव्हिस-बेसी नावाचं अणुवीज केंद्र आहे. ९ जून १९८५ च्या पहाटे तिथल्या वाफेच्या जनित्रांना पाणी पुरवणारे मुख्य पंप बंद पडले. मदतीचा पाणीपुरवठा सुरू होणार, तेवढ्यात गडबडीत चुकीची बटणं दाबली गेली आणि त्या मार्गावरचे मोटारचे वॉल्व्ह बंद झाले. चूक लगेच लक्षात आली, उघडण्याचा हुकूम गेला. वॉल्व्ह उघडले नाहीत. माणसांना खाली धावत जाऊन ते हाताने उघडावे लागले. अनर्थ टळला, पण कारण काय निघालं? बंद वॉल्व्ह सीटवरून सुटताना सगळ्यात जास्त जोर लागतो, म्हणून सुरुवातीच्या त्या टप्प्यापुरता टॉर्क स्विच बायपास केलेला असतो. तिथे तो बायपास नीट लावलेला नव्हता. दोन्ही बाजूंच्या दाबात मोठा फरक असताना वॉल्व्ह सीटवरून पुरता सुटण्याआधीच टॉर्क स्विचने मोटार तोडली. एवढंसं सेटिंग.

त्यानंतर अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने १९८५ मध्येच मोटारच्या वॉल्व्हच्या सेटिंगबद्दल पत्रक काढलं, आणि १९८९ मध्ये आणखी व्यापक आदेश दिला: सुरक्षेशी संबंधित असे वॉल्व्ह खऱ्या गरजेच्या दाबाला चालतात याची खात्री करा. यातून तुमचा आणखी एक गैरसमज मोडायला हवा. रिकाम्या पाईपवर वॉल्व्ह दोनदा उघडून बंद केला, दिवे लागले, की तुम्ही 'कमिशनिंग झालं' असं लिहून सही करता. रिकाम्या पाईपवर चाललेला वॉल्व्ह दाबाखाली चालेल याचा तो पुरावा नव्हे.

फेजचं तर काय सांगू! तीन फेजच्या मोटारीत दोन तारा उलट झाल्या की मोटार उलटी फिरते, हे तुम्ही पहिल्या वर्षी शिकलात. मग पुढचा विचार का करत नाही? उघडायचा हुकूम दिला आणि वॉल्व्ह बंद व्हायला लागला, तर उघडण्याचं लिमिट स्विच कधीच येणार नाही. वॉल्व्ह सीटवर आदळेल, बंद बाजूचा टॉर्क स्विच चालेलही. पण तो बंद करण्याच्या कॉन्टॅक्टरच्या सर्किटमध्ये आहे आणि चालू आहे उघडण्याचा कॉन्टॅक्टर. मोटार ढकलतच राहील. फेज आपोआप सुधारणारं युनिट नसेल तर स्टेम वाकणं नाहीतर मोटार जळणं ठरलेलं. म्हणून हँडव्हीलने वॉल्व्ह मधोमध आणायचा, मग क्षणभर बटण दाबून दिशा बघायची. दोन मिनिटांचं काम आहे आणि तेच तुम्ही टाळता.

पॅनलवरचा दिवा हिरवा झाला की वॉल्व्ह बंद झाला, असंही तुम्ही मानता. दिवा फक्त ज्याला जोडलाय त्याचं सांगतो. लिमिट स्विच अ‍ॅक्च्युएटरच्या आतल्या गिअरची फेरी मोजतो. खालची की तुटलेली असेल तर अ‍ॅक्च्युएटर पूर्ण फिरेल, दिवा लागेल आणि वॉल्व्ह जिथल्या तिथे असेल. १९७९ मध्ये थ्री माइल आयलंडच्या अणुकेंद्रात दाब सोडणारा वॉल्व्ह उघडा अडकला होता. तो सोलेनॉइडचा होता, मोटारचा नव्हे, पण धडा तोच. दिवा दाखवत होता फक्त त्याच्याकडे जाणारा विद्युत हुकूम, खरी स्थिती नव्हे. खोलीतल्या माणसांनी वॉल्व्ह बंद आहे असं धरलं. पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. स्टेम बघा, प्रवाह बघा, दाब बघा, आणि मग बोला.

बाकीचे समज पटापट निकालात काढू. 'अ‍ॅक्च्युएटर आयपी ६८ आहे, पाण्यात बुडाला तरी चालेल': किती खोल आणि किती वेळ हे बनवणारा लिहून देतो. आणि तुम्ही केबलची ग्लँड अर्धवट आवळून, वापरात नसलेल्या भोकात वाहतुकीचं प्लॅस्टिक बूच तसंच ठेवलंत, तर कोकणातल्या एका पावसात त्या आकड्याचा उपयोग संपतो. आतला हीटरही चालू ठेवावा लागतो, नाहीतर बंद डब्यात ओल धरते. 'ऑन-ऑफचा अ‍ॅक्च्युएटर सतत थोडाथोडा हलवला तरी चालतो': नाही. नेमप्लेटवर एस-२, १५ मिनिटं असेल तर तेवढ्या चालण्यानंतर त्या मोटारीला पुरती गार होऊ द्यावी लागते. प्रवाह सतत सांभाळायचा असेल तर त्या कामाची वेगळी ड्युटी असते. 'वीज गेली की वॉल्व्ह आपोआप बंद होतो': नाही. वर्म गिअरचा साधा अ‍ॅक्च्युएटर आहे तिथेच थांबतो. बंद व्हायला हवा असेल तर स्प्रिंग किंवा बॅटरीची सोय मुद्दाम मागावी लागते. 'व्होल्टेज थोडं कमी असलं तरी बिघडत नाही': मोटारचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. लांब केबलवर २० टक्के व्होल्टेज पडलं तर टॉर्क ६४ टक्क्यांवर येतो. काल विचारलेल्या त्या थांबणाऱ्या मोटारीचं कारण कदाचित केबलमध्ये असेल, स्क्रूमध्ये नव्हे.

आणि 'जितका वेगवान तितका चांगला' हे तर डोक्यातून काढूनच टाका. पाण्याच्या लांब लाईनवर वॉल्व्ह झटकन बंद केला की दाबाची लाट उठते. रशियन शास्त्रज्ञ झुकोव्स्की यांनी १८९८ मध्ये याचा हिशोब मांडला. स्टीलच्या पाईपमध्ये सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारं पाणी एकदम थांबलं, तर साधारण शंभर मीटर उंचीच्या पाण्याइतका जादा दाब उसळतो. पाईप तीन किलोमीटरचा असेल तर ती लाट जाऊन परत यायला सुमारे सहा सेकंद लागतात. त्याच्या आत बंद झालेला वॉल्व्ह म्हणजे एकदमच बंद झालेला वॉल्व्ह. शिवाय गेट वॉल्व्हमध्ये प्रवाह खरा तुटतो तो शेवटच्या थोड्या अंतरात. तिथे घाई केलीत तर फुटणारा पाईप तुमच्या खात्यावर जमा होईल.

हँडव्हीलवर पाईप पाना लावताना मला कुणी दिसला, तर त्याला पुन्हा पहिल्या धड्यापासून बसवीन. हाताने फिरत नसेल तर आत अडलंय, एवढाच त्याचा अर्थ.

तुम्हाला हुशारी कमी नाही, धीर कमी आहे. बिघाड दिसला की पहिला हात सेटिंगकडे जातो, कारण ते सोपं आहे आणि लगेच काहीतरी केल्यासारखं वाटतं. उद्या तुमच्या हाताखालून एखाद्या गावाचं पाणी जाईल, एखाद्या रिफायनरीचं तेल जाईल. पुढच्या वेळी हाच प्रश्न विचारीन तेव्हा मला उत्तर आधी नको, प्रश्न हवेत: वॉल्व्ह कोणता, दाब किती, थांबायचं कशावर, व्होल्टेज किती, वीज गेली तर काय. या पाचांची उत्तरं कागदावर लिहा. त्यानंतरच स्क्रूड्रायव्हर उचला.