प्रतिकारशक्तीला आवर घालणारी मुळी

अमेरिकेतल्या भारतीय किराणा दुकानांत च्यवनप्राश, अश्वगंधा, गुळवेल यांची एक फळी ठरलेली असते. बाटलीच्या दर्शनी बाजूला ठळक अक्षरांत प्रतिकारशक्तीला बळ देण्याची ग्वाही. बाटली फिरवली की मागे चौकटीत बारीक टाइप: या दाव्याची अन्न व औषध प्रशासनाने तपासणी केलेली नाही, आजाराचं निदान, उपचार किंवा प्रतिबंध यांसाठी हे उत्पादन नाही. १९९४च्या कायद्याने ही वाट मोकळी केली. वनौषधी पूरक आहार म्हणून विकायची असेल, तर तिचा गुण आधी सिद्ध करावा लागत नाही.

मला दाव्यापेक्षाही त्यामागची कल्पना खटकते. प्रतिकारशक्ती म्हणजे टाकीतलं पाणी, जितकं भराल तितकं बरं, अशी ती कल्पना. आमवात, सोरायसिस, मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारांत प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसतेच. ती आपल्याच सांध्यांवर, त्वचेवर, मज्जातंतूंच्या आवरणावर उलटलेली असते. तिथे ती आणखी वाढवून काय साधणार? आणि वनस्पतीतलं एखादं द्रव्य प्रतिकारक पेशींवर नेमकं काय करतं, याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत लख्ख उदाहरण आवर घालण्याचंच आहे.

चांगशान हे हायड्रेंजियाच्या कुळातलं झुडूप. चिनी वैद्य त्याची मुळी सुमारे दोन हजार वर्षं हिवतापावर देत आले. दुसऱ्या महायुद्धात जावा जपानच्या ताब्यात गेलं, क्विनाइनचा पुरवठा तुटला आणि अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ दुसरं औषध शोधू लागले. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या कोप्फ्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४७ मध्ये चांगशानातलं हिवतापावरचं अल्कलॉइड जगापुढे मांडलं. तेच फेब्रिफ्युजिन. गुण पक्का होता, पण मळमळ आणि उलट्या इतक्या की माणसांसाठी ते मागे पडलं. त्याचं थोडं बदललेलं रूप, हॅलोफ्युजिनोन, जंतूंना आवर घालण्यासाठी कोंबड्यांच्या खाद्यात गेलं. ते खाणाऱ्या कोंबड्यांची कातडी सहज फाटते, कारण त्यांच्या अंगात कोलॅजेन कमी बनतं, हे इस्रायलमधल्या संशोधकांनी हेरलं. म्हणजे हे द्रव्य जंतूंपुरतं थांबत नव्हतं.

बोस्टनमध्ये हार्वर्डच्या परिसरात अंजना राव आणि माल्कम व्हिटमन यांच्या गटांनी ते प्रतिकारशक्तीच्या टी पेशींवर घालून पाहिलं. २००९ साली ‘सायन्स’मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष थक्क करणारा होता. कमी मात्रेत हॅलोफ्युजिनोनने टी पेशींच्या इतर प्रकारांना फारसा धक्का लावला नाही. घडणं थांबलं ते फक्त टीएच-१७ पेशींचं. अनेक स्वयंप्रतिकार आजारांत दाह भडकवण्याचं काम याच पेशी करतात. मल्टिपल स्क्लेरोसिससारखा आजार घडवलेल्या उंदरांमध्ये लक्षणं कमी झाली.

हे होतं कसं, याचा उलगडा २०१२ मध्ये झाला. प्रोलिन हे अमिनो आम्ल प्रथिनांच्या साखळीत गुंफण्याआधी एका एन्झाइमने त्याच्या वाहक आरएनएवर चढवावं लागतं. हॅलोफ्युजिनोन त्या एन्झाइममधली नेमकी प्रोलिनची जागा अडवून बसतं. प्रोलिन आसपास असूनही वाहक रिकामेच राहतात, पेशी आपली उपासमार चालली आहे असं समजते आणि टीएच-१७ बनण्याचा बेत सोडून देते. पुरावाही तितकाच सरळ. पेशींना जादा प्रोलिन दिलं, की औषधाचा परिणाम नाहीसा होतो.

हेच एन्झाइम हिवतापाच्या परजीवीत आहे आणि आपल्या प्रत्येक पेशीतही आहे. म्हणून मात्रेला इथे सर्वाधिक महत्त्व. एवढं कळूनही हॅलोफ्युजिनोन आजवर अमेरिकेत स्वयंप्रतिकार आजारांवरचं मंजूर औषध झालेलं नाही. हा विलंब मला योग्य वाटतो. परंपरेने मुळी सांगितली, तिचा त्रासही सांगितला. पण टी पेशींबद्दल ती काही सांगू शकत नव्हती. ते प्रयोगानेच शोधावं लागलं. परंपरेचा मान राखण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

आपल्या गुळवेलीचंच घ्या. करोनाच्या साथीत घरोघर तिचा काढा उकळला. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी ती घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली. दुसरीच, दिसायला सारखी वनस्पती पोटात गेली असावी, हा त्यातला एक मुद्दा होता. तो खरा धरला, तरी रुग्णाला आपण काय पितोय ते ठाऊक नव्हतं, एवढं उरतंच.

तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला आमवात, सोरायसिस, थायरॉइडचा स्वयंप्रतिकार विकार असेल, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर प्रतिकारशक्ती वाढवणारी कोणतीही बाटली मनाने उघडू नका. गावाकडून आईने प्रेमाने पाठवलेलं चूर्ण असलं, तरीही. पुढच्या भेटीला ती बाटली, ते चूर्ण बरोबर न्या आणि डॉक्टरांसमोर ठेवा.