चंद्राचे चित्र आणि साक्षीची जबाबदारी

एखादे खोटे चित्र पाहून कुणाच्या मुखातून 'सुब्हानल्लाह' असा उद्गार निघाला, तर त्या उद्गारात काही उणे राहते काय? प्रश्न क्षुल्लक वाटेल. चित्र बनावट असले तरी स्तुती खऱ्या निर्मात्याचीच झाली, शिवाय कुणाचे नुकसानही झाले नाही, असे उत्तर सहज दिले जाते. वाचक बंधू-भगिनींनो, जुम्याच्या नमाजीनंतर मोबाइल पुढे करून 'हजरत, हे पाहा' म्हणणारे अनेकजण मला भेटतात आणि त्यांपैकी बहुतेकांच्या मनात हेच उत्तर असते. त्यांचा हेतू चांगला असतो, म्हणूनच हा विषय टाळता येत नाही.

23 ऑगस्ट 2023 चा बुधवार आठवून पाहा. सायंकाळी 6 वाजून 4 मिनिटांनी चंद्रयान-3 चे विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात अलगद उतरले. पनवेलमध्ये असर होऊन गेली होती आणि मगरिबला पाऊण तासाहून अधिक अवकाश होता. दुकानांत, घरांत, रिक्षाथांब्यावर माणसे लहानशा पडद्याभोवती गोळा झाली होती. इस्रोचे यूट्यूबवरील थेट प्रक्षेपण एकाच वेळी पाहणाऱ्यांची संख्या 80 लाखांवर गेली. 2019 च्या 7 सप्टेंबरला पहाटे चंद्रयान-2 च्या विक्रमशी संपर्क तुटला, तेव्हाची हुरहुर अनेकांच्या मनात होती. ती त्या सायंकाळी निवली. या आनंदात वावगे काहीच नव्हते. आकाश आणि पृथ्वीच्या रचनेवर उभे, बसलेले आणि आडवे असतानाही चिंतन करणाऱ्यांना कुरआनने बुद्धिमान म्हटले आहे (3:190-191). ज्याला चंद्राच्या मातीचे चित्र पाहून काहीच वाटत नाही, त्याच्यापेक्षा ज्याचे डोळे पाणावतात तो या आयतीच्या अधिक जवळ आहे, असे मी मानतो.

परंतु विक्रम उतरताच दुसरे एक चित्र घरोघर पोचले. चंद्राच्या धुळीत प्रग्यान रोव्हरच्या चाकाने उमटवलेली राजमुद्रा आणि इस्रोचे बोधचिन्ह त्यात ठसठशीत दिसत होते. चाकांवर त्या मुद्रा कोरलेल्या होत्या हे खरे. चित्र मात्र एका हौशी तरुणाने संगणकावर केलेले कल्पनाचित्र होते. त्याने ते हौसेने केले, पुढच्यांनी ते 'चंद्रावरून आलेले पहिले छायाचित्र' करून टाकले. चार वर्षांपूर्वीही असेच घडले होते. चंद्रयान-2 चे उड्डाण 22 जुलै 2019 रोजी झाले आणि काही दिवसांतच त्याने टिपलेली म्हणून पृथ्वीची झगमगीत चित्रे फिरू लागली. यानाच्या कॅमेऱ्याने पृथ्वी टिपली ती 3 ऑगस्टला, आणि इस्रोने ती चित्रे प्रसिद्ध केली 4 ऑगस्टला. तोवर लोकांचे पाहून झालेले होते. खरी चित्रे आली तेव्हा ती फिकी वाटली.

हे फिके वाटणे मला अधिक चिंताजनक वाटते. 27 ऑगस्ट 2023 रोजी प्रग्यानला आपल्यापुढे 3 मीटरवर 4 मीटर व्यासाचा खड्डा आढळला. त्याला मागे फिरण्याची आज्ञा देण्यात आली आणि तो आल्या वाटेने परतला. इस्रोने दुसऱ्या दिवशी त्या खड्ड्याचे आणि परतीच्या वाटेचे कृष्णधवल चित्र सर्वांसमोर ठेवले. त्यात काय आहे? धूळ, खड्डा, चाकांच्या दोन रेघा. पण ती वाट खरोखरची आहे. लाखो किलोमीटर दूर एक लहानसे यंत्र खड्ड्यापाशी थबकले आणि माणसाच्या सांगण्यावरून मागे वळले, ही गोष्ट त्यात आहे. 30 ऑगस्टला प्रग्यानने विक्रमचे छायाचित्र घेतले, तेव्हा इस्रोने 'स्माइल प्लीज' असा मथळा दिला होता. एरवी मोजूनमापून बोलणारे सरकारी खाते इतक्या मोकळेपणाने बोलू लागले याचे मला कौतुक वाटले. अशी खरी चित्रे समोर असताना आपल्या घरांत मात्र बनावट राजमुद्रेचेच चित्र जपून ठेवले जाते.

इथवर वाचून कुणी म्हणेल, हा तर देशभक्तीच्या भरात झालेला प्रकार, यात दीनचा काय संबंध? संबंध आहे, कारण दीनच्या नावाने हेच घडत आले आहे. चंद्रावरील एका लांब भेगेचे छायाचित्र आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. 'शक्कुल कमर'चा, म्हणजे चंद्र दुभंगण्याच्या चमत्काराचा, नासाने दिलेला पुरावा म्हणून ते पाठवले जाते. छायाचित्र अस्सल आहे. 1969 च्या मे महिन्यात अपोलो 10 च्या अंतराळवीरांनी ते घेतले. त्या भेगेला शास्त्रज्ञ रीमा एरिडेयस म्हणतात. तिची लांबी सुमारे 300 किलोमीटर आहे आणि चंद्राचा घेर सुमारे 10,900 किलोमीटर. दोन समांतर भेगांमधील जमीन खचून ही दरी तयार झाली. ती चंद्राला वेढत नाही, चंद्र तिथून जोडला गेल्याची ती खूणही नाही. सूरह कमरच्या पहिल्या आयतीवर आणि सहीह हदीसींवर माझा विश्वास आहे. तो त्या दरीवर कधीच टेकलेला नव्हता. मग तिचा आधार कशासाठी घ्यावा? नील आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावर अजान ऐकली आणि ते मुसलमान झाले, ही कथाही तशीच. ती इतकी पसरली की 1983 मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला मुस्लिम देशांतील आपल्या दूतावासांना खुलासा पाठवावा लागला. ते ओहायो राज्यातील लेबनन नावाच्या गावी राहत, आणि आपल्या लोकांनी त्यांना लेबनान देशात नेऊन बसवले!

तिसरे उदाहरण अधिक नाजूक आहे. लाल गुलाबासारखा दिसणारा एक तेजोमेघ आणि त्याखाली सूरह रहमानची 37 वी आयत, असे चित्र गेली वीस-पंचवीस वर्षे फिरते आहे. हा तेजोमेघ म्हणजे मार्जारनेत्र: अखेरच्या अवस्थेतील एका ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूची आवरणे. हबल दुर्बिणीने 1994 मध्ये त्याचे चित्र घेतले आणि पुढल्या वर्षी ते प्रसिद्ध झाले. चित्रही खरे, आयतही खरी. खोटी आहे ती दोहोंमधील गाठ. ज्याने त्या आयतीची तफसीर वाचली आहे त्याला ठाऊक आहे की, तेथे कयामतच्या दिवशी आकाश फाटेल त्याचे वर्णन आहे. आज शांतपणे विरत असलेल्या एका ताऱ्याशी ते जोडणे म्हणजे अल्लाहच्या वचनाला स्वतःचा अर्थ चिकटवणे होय, आणि हे धाडस आपण 'फॉरवर्ड' या एका बोटाच्या हालचालीने करतो.

त्या चित्रातील रंगांचीही एक गोष्ट आहे. हायड्रोजन, ऑक्सिजन आणि नायट्रोजन या तीन वायूंच्या प्रकाशात तीन चित्रे स्वतंत्र घेतली गेली. ज्या प्रकाशलहरी निवडल्या त्या तिन्ही मुळात लालच. डोळ्याला त्यांतला भेद कळला नसता. म्हणून हायड्रोजनला लाल ठेवून ऑक्सिजनला निळा आणि नायट्रोजनला हिरवा रंग देण्यात आला. जुलै 2022 पासून जेम्स वेब दुर्बिणीची जी चित्रे आपण पाहतो, ती तर डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशातली आहेत. मग या संस्थाही खोटे बोलतात काय? माझ्या मते नाही, आणि याचे कारण मदरशातील विद्यार्थ्याला लगेच पटेल. कुरआनचा मराठी तर्जुमा म्हणजे कुरआन नव्हे, तरी तर्जुमा करणारा खोटारडा ठरत नाही, कारण मुखपृष्ठावर 'तर्जुमा' असे लिहिलेले असते. नासानेही कोणत्या वायूला कोणता रंग दिला ते चित्राच्या टिपणात लिहिलेले आहे. टिपण कापून केवळ चित्र पुढे पाठवणारा मात्र तर्जुम्यालाच मूळ म्हणून विकतो.

हदीसशास्त्रात हे टिपण म्हणजे सनद. कुणी कुणाकडून ऐकले, केव्हा, कुठे, याची साखळी. ती नसेल तर मजकूर कितीही गोड असो, आपले विद्वान तो बाजूला ठेवत. अंतराळसंस्थेच्या चित्राखाली कॅमेऱ्याचे नाव, तारीख आणि अंतर दिलेले असते, ते याच कामासाठी. अर्थात संस्थाही निर्मोही नाहीत. त्यांना लोकांचे प्रेम हवे असते, कारण पैसा लोकांच्या खिशातून येतो. 1976 च्या जुलैमध्ये व्हायकिंग 1 ने टिपलेले मंगळावरील टेकडीचे चित्र नासाने प्रसिद्ध केले, तेव्हा सावल्यांमुळे माणसाच्या चेहऱ्याचा भास होतो असे स्पष्ट लिहिले होते. पण चेहऱ्याचा उल्लेख मुद्दाम केला होता तो लक्ष वेधण्यासाठीच. लोकांनी 'चेहरा' उचलला, 'भास' टाकून दिला. पुढे 1998 आणि 2001 मध्ये अधिक चांगल्या कॅमेऱ्यांनी ती साधी टेकडी असल्याचे दाखवले, तरी चेहऱ्यावर श्रद्धा ठेवणारे उरलेच. आमिष दाखवून गोळा केलेली गर्दी पुढे आवरत नाही. वाझ देणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

आता मूळ प्रश्न. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे पुत्र इब्राहीम (रजि.) दूधपित्या वयातच निवर्तले. त्याच दिवशी मदीनेत सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले की, इब्राहीमच्या मृत्यूने सूर्यालाही काळोखी आली. विचार करा: यापेक्षा मोठी 'दलील' कोणती हवी होती? ती कुणी रचलेलीही नव्हती; ग्रहण खरे होते, दुःख खरे होते. विरोधकांची तोंडे बंद झाली असती, दुबळ्यांचा ईमान बळकट झाला असता. स्वतःच्या लेकराला नुकतेच मातीत ठेवलेल्या पित्याने मौन पाळले असते तरी कुणी दोष दिला नसता. पण प्रेषितांनी (स.) ग्रहणाची दीर्घ नमाज पढवली आणि मग सांगितले की, सूर्य आणि चंद्र ह्या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या मरणाने वा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही. बुखारी आणि मुस्लिम, दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. निशाणी त्यांनी नाकारली नाही, नमाजही सोडली नाही. तिला चिकटू पाहणारा चुकीचा अर्थ तेवढा त्यांनी काढून टाकला. ज्यांच्या उम्मतमध्ये आपण आहोत त्यांनी आपल्याच गौरवाची कथा अशी पुसली असेल, तर भेगेचे आणि गुलाबाचे चित्र पाठवून आपण नेमकी कुणाची सुन्नत चालवतो?

नुकसान होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी घरातील मुलांकडे पाहावे. बारा वर्षांच्या मुलाला आपण सांगतो की, ही भेग म्हणजे ईमानचा पुरावा. पंधराव्या वर्षी तो स्वतः शोधतो आणि त्याला दरीची खरी माहिती सापडते. तेव्हा त्याच्या मनात केवळ छायाचित्र खोटे ठरत नाही. ते दाखवणारा बाप, त्याला 'माशाल्लाह' म्हणणारा इमाम आणि त्याखाली लिहिलेली आयत, सारेच एकदम संशयाच्या रांगेत उभे राहते. माहिती नसलेल्या गोष्टीच्या मागे लागू नका, कान, डोळे आणि हृदय या सर्वांना जाब विचारला जाईल, असा इशारा सूरह बनी इस्राईलमध्ये (17:36) आहे. डोळ्यांचा उल्लेख तेथे स्वतंत्रपणे आला आहे, हे विशेष.

चित्र कसे पाहावे याचा एक सुरेख दाखला चेन्नईच्या षण्मुग सुब्रमण्यन या अभियंत्याने दिला. चंद्रयान-2 चा विक्रम कोसळल्यावर नासाच्या चंद्रपरिक्रमा यानाने त्या भागाची घेतलेली चित्रे सर्वांसाठी खुली होती. त्यांनी जुनी आणि नवी चित्रे शेजारी ठेवून तासन्‌तास ताडून पाहिली आणि पूर्वी नसलेला एक लहानसा उजळ ठिपका हेरला. त्यांनी तो नासाला कळवला. तेथील तज्ज्ञांनी अनेक आठवडे पडताळणी केली आणि डिसेंबर 2019 मध्ये तो विक्रमच्या अवशेषांपैकी असल्याचे त्यांच्या नावानिशी जाहीर केले. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत ज्या 'तबय्युन'ची, म्हणजे शहानिशा करण्याची आज्ञा आहे, ती आचरणात कशी दिसेल असे विचाराल, तर मी या तरुणाकडे बोट दाखवीन.

मुलांना जमल्यास एकदा खरे आकाशही दाखवावे. मुंबईचे खगोल मंडळ वांगणीला रात्रीचे आकाशदर्शन घेत आले आहे. पनवेलहून ते काही फार दूर नाही. दुर्बिणीतून शनी दाण्याएवढा, फिकट पिवळा दिसतो. मूल कदाचित हिरमुसेल, पण पाहिलेले त्याचे स्वतःचे असेल.

आपल्याला तर दर महिन्याच्या 29 तारखेस ही तालीम मिळते. पनवेलच्या पश्चिम क्षितिजावर आता इमारती आहेत, धुरकट हवा आहे, विमानतळाचे दिवे आहेत. 'दिसला, दिसला' असे म्हणणारा कुणीतरी निघतोच आणि हल्ली तो मोबाइलमधले चित्रही दाखवतो. त्याला विचारावेच लागते: कुठे पाहिलास, किती वर होता, टोके कोणत्या दिशेला होती, चित्र कुणी घेतले? यात त्याचा अपमान नाही. चरित्रकारांनी नोंदवलेला एक प्रसंग आहे. बसऱ्यात लोक रमजानचा चंद्र शोधत होते. त्यांत हजरत अनस बिन मालिक (रजि.) होते, शंभरीला टेकलेले, प्रेषितांची (स.) दहा वर्षे सेवा केलेले. त्यांनी चंद्र दिसल्याचे सांगितले आणि बोटही दाखवले. इतर कुणालाच तो दिसेना. बुद्धिमत्तेसाठी ख्यात असलेले इयास बिन मुआविया शेजारी होते. त्यांनी निरखून पाहिले, तो वृद्ध सहाबींच्या भुवईचा एक पांढरा केस वाकून डोळ्यापुढे आलेला. इयास यांनी अदबीने तो केस सारखा केला आणि चंद्र कुठे आहे ते पुन्हा दाखवण्याची विनंती केली. अनस (रजि.) यांनी आकाशाकडे पुन्हा पाहिले आणि सांगितले की, आता तो दिसत नाही.