सारथ्याचा खरारा

खंडेनवमीला रत्नागिरीत गाड्या धुऊनपुसून उभ्या राहतात. बॉनेटवर हळदकुंकू, पुढे झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. वर्षभर ऑफिस, बाजार आणि मुलांची शाळा सांभाळणाऱ्या गाडीपुढे त्या दिवशी नारळ फुटतो. तीच गाडी कुणाला एक दिवस रेसट्रॅकवर पळवायची असेल तर तयारी निराळी असते. प्रश्न मात्र तोच राहतो: निर्जीव यंत्राचं माणूस काही देणं लागतो का, आणि लागत असेल तर ते फेडायचं कसं?

द्रोणपर्वात याचं एक उत्तर आहे. सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारायची अर्जुनाची प्रतिज्ञा. दिवस कलतो आहे आणि घोडे बाणांनी जखमी, तहानलेले. अर्जुन रथातून उतरतो, एकटा शत्रूला थोपवून धरतो, बाण मारून जमिनीतून पाणी काढतो. कृष्ण घोडे सोडतो, त्यांच्या अंगातले बाण उपसतो, खरारा करतो, पाणी पाजतो आणि मगच पुन्हा जुंपतो. गीता सांगणारा तो हाच. कीर्तनात विश्वरूपदर्शनाला जितका वेळ मिळतो, तितका या खराऱ्यालाही मिळायला हवा.

टिळकांचा जन्म १८५६ मध्ये याच रत्नागिरीतला. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं त्यांचं ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झालं. गीतेचं तात्पर्य संन्यासात नसून कर्मयोगात आहे, हे त्यांनी त्यात मांडलं. कर्मात उच्चनीच नसेल, तर बाण सोडणं आणि घोडा पुसणं एकाच पंगतीत बसतात. चाकाचे नट पाना लावून ठरल्या मापाने आवळणंही मग त्याच पंगतीतलं.

ट्रॅकची गोष्ट निघाली की पहिला विचार बहुधा इंजिनाच्या ताकदीचा होतो, नाहीतर सायलेन्सरचा. क्रम चुकतो तो इथे. साध्या गाडीचं इंजिन सहसा पुरेसं असतं. मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन बसवलेल्या ‘फॉर्म्युला मारुती’ गाड्या श्रीपेरुंबुदूरच्या ट्रॅकवर धावल्या आणि त्या वर्गात धडे गिरवलेला नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. ट्रॅकवर साधी गाडी आधी हार खाते ती ब्रेकपाशी.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. कोकणात, जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ‘डॉट ४’ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये, असं मानक आहे. त्यात ३.७ टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. बाजारात जा-ये करताना हा फरक जाणवत नाही. ट्रॅकवर दर वळणाआधी ब्रेक दाबून डिस्क तापते, ऑइल उकळतं, नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल तळाला टेकतं आणि गाडी थांबत नाही. आंबा घाट उतरताना जुने ड्रायव्हर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवतात आणि ब्रेकवर पाय ठेवून बसत नाहीत, ते याच भीतीने.

म्हणून जुनं, काळपट ऑइल काढून नवं भरायचं, नळीतली हवा काढायची, पॅड किती उरलेत ते डोळ्यांनी पाहायचं. डिकीतला जॅक, स्टेपनी, सीटखालची पाण्याची बाटली बाहेर काढायची. ती बाटली घरंगळत पेडलखाली अडकली तर नवं ऑइलही वाचवत नाही.

कठोपनिषदात शरीर रथ आहे, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रियं घोडे. हे सांगणारा यम आहे, आणि ‘यम्’ या धातूचा अर्थच आवरणं. पण रथात आणि मोटारीत एक फरक आहे. घोड्याला स्वतःची इच्छा असते, वेदना असते. बैलगाडा शर्यतींचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला तो त्या मुक्या जिवाच्या वेदनेवरून. १८ मे २०२३ रोजी न्यायालयाने या शर्यतींना मुभा देणारा महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला, तरी त्या वेदनेचा विचार करण्यातून गाडामालक सुटलेला नाही. मोटारीला यातलं काहीच नाही. ती उधळत नाही, दमले म्हणून सांगत नाही. सगळे घोडे आता चालवणाऱ्याच्या आत आहेत, आणि वळणावर ते उधळले की तेव्हा लगाम शोधून उपयोग नसतो. तो आदल्या आठवड्यात, जॅकवर चढवलेल्या गाडीखाली ओणवं होऊन, बसवलेला असावा लागतो. गाडीचं देणं असं फेडलं जातं, आणि ते मुळात गाडीचं नसतंच. शेजारून पळणाऱ्याचं, वळणावर झेंडा घेऊन उभ्या असलेल्या माणसाचं, सोमवारी त्याच गाडीतून शाळेत जायच्या पोरांचं ते असतं.

ट्रॅकवरची शेवटची फेरी सावकाश मारतात, ब्रेक वाऱ्याने निवावेत म्हणून. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढत नाहीत, कारण तापलेल्या डिस्कला पॅड चिकटू शकतात. गाडी गिअरमध्ये ठेवतात आणि चाकाला दगड लावतात, घाटात बंद पडलेल्या ट्रकला लावतात तसा. मग सगळं निवलं की नट पुन्हा एकदा तपासतात, स्टेपनी जागेवर ठेवतात आणि घराकडे निघतात.